अकरा मिनिटांचा खेळ, पाच महिन्यांची सोबत

अमेरिकन फुटबॉलचा सामना घड्याळाप्रमाणे साठ मिनिटांचा असतो. टीव्हीवर तो तीन तासांहून अधिक चालतो. या तीन तासांत चेंडू प्रत्यक्ष खेळात किती वेळ असतो हे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० मध्ये मोजून पाहिले, तेव्हा उत्तर निघाले सुमारे अकरा मिनिटे. उरलेल्या वेळात खेळाडू घोळका करून पुढची चाल ठरवतात, पंच आपसांत बोलतात, मार लागलेल्या कुणाला तरी बाहेर नेले जाते आणि जाहिराती लागतात. त्यातही सामने मोजकेच. एनएफएल या व्यावसायिक लीगमधले बत्तीस संघ सप्टेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येकी सतरा सामने खेळतात आणि त्यांतले आठ किंवा नऊच घरच्या मैदानावर होतात. अमेरिकेतलाच बेसबॉलचा संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. म्हणजे फुटबॉलच्या एखाद्या चाहत्याने घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही, तरी वर्षभरात त्याच्या पदरात खरा खेळ पडतो तो दीड तासाच्या आसपास. एवढ्यासाठी विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या गावच्या संघाच्या हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत. खुद्द गावाची लोकसंख्या लाखाच्या जराशी वर आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला याची गंमत वाटते. (पाच दिवस कसोटी बघून अनिर्णित निकालावर समाधानाने घरी जाणाऱ्यांनी खरे तर हसू नये.) पण हसून झाल्यावर प्रश्न उरतोच : या उरलेल्या वेळाचे चाहते करतात काय? सामन्याआधीची सकाळ आणि दोन सामन्यांमधले सहा दिवस, एवढा मोठा रिकामा काळ त्यांनी कसा भरून काढला? सकाळ भरली टेलगेटिंगने आणि आठवडा भरला फॅन्टसी लीगने. या दोन्ही गोष्टींकडे बाहेरचा माणूस खेळाला चिकटलेली बाजारू शेपटी म्हणून पाहतो. माझे मत नेमके उलट आहे. बाजाराने वेढलेल्या या खेळात चाहत्यांनी स्वतःच्या हातांनी उभ्या केलेल्या अशा ह्या दोनच जागा आहेत, आणि तिथे एकत्र येणारी माणसे एकमेकांना ओळखतात तोवरच त्यांत जीव असतो. ओळख काढून घेऊन तोच प्रकार विकायला ठेवला की त्याचे काय होते, हेही गेल्या वीस वर्षांत पुरेसे दिसले आहे.

टेलगेटिंग म्हणजे स्टेडियमच्या वाहनतळावर सामन्याआधी मांडलेला दिवसभराचा संसार. सामना दुपारी असेल तर गाड्या सकाळीच लागतात. पिकअप ट्रकची मागची फळी खाली पाडली की तिचेच टेबल होते. मग शेगडी पेटते, घडीच्या खुर्च्या येतात, जनरेटरवर टीव्ही चालू होतो आणि मुले भोक पाडलेल्या उतरत्या फळीत मक्याचे दाणे भरलेल्या पिशव्या नेम धरून फेकत बसतात. हे सगळे नेमके कधी सुरू झाले यावर वाद आहेत. अमेरिकन माणसाला प्रत्येक गोष्टीचे मूळ यादवी युद्धात शोधायची सवय असल्यामुळे १८६१ साली बुल रनची लढाई बघायला वॉशिंग्टनहून खाण्याच्या टोपल्या घेऊन गेलेल्या हौशी मंडळींनाही काहीजण पहिले टेलगेटर ठरवून टाकतात. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८६९ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, त्याच्याशीही हे नाते जोडले जाते. खरे कारण इतके रोमहर्षक नसावे. मैदाने गावाबाहेर गेली, घरटी मोटार आली, आणि गाडी लावल्यावर फाटक उघडेपर्यंत पोटात भूक होती.

प्रत्येक गावाचा टेलगेट वेगळा, आणि तो वेगळेपणा पहिल्यांदा कळतो नाकाला. कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड स्टेडियमबाहेर लाकडाच्या धुरात तासन्‌तास भाजलेल्या बरगड्या आणि ब्रिस्केटची जळकी टोके. ग्रीन बेला कांदा घातलेल्या बिअरमध्ये उकळून मग जाळीवर टाकलेले ब्राटवुर्स्ट आणि दाताखाली करकरणारे ताज्या चीजचे तुकडे. लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या बॅटन रूजमध्ये मोठ्या हंड्यांत शिजणारे गंबो आणि जांबलाया. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला विद्यापीठाच्या ‘ग्रोव्ह’ नावाच्या झाडीत गाड्यांना बंदी आहे, म्हणून तिथे तंबू पडतात आणि त्यांत झुंबरे टांगून चांदीच्या ताटलीतून खाद्यपदार्थ फिरवले जातात. टेनेसी नदीवर आणि सिअ‍ॅटलच्या तळ्यावर तर लोक बोटी घेऊन येतात आणि पाण्यावरच चूल मांडतात. बफेलोच्या वाहनतळावर एक चाहता वर्षानुवर्षे लाल फोर्ड पिंटो गाडीच्या बॉनेटवर बेकन भाजत आला. त्याच गावची तरुण पोरे ट्रकवरून उड्या मारून घडीची टेबले पाठीने मोडतात. यामागे काही अर्थ असेल तर तो मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही. न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमबाहेर मराठी घरांची एखादी चौकडी दिसली, तर त्यांच्या शेगडीवर बर्गरशेजारी तिखट-मीठ-लिंबू चोळलेली कणसे असतात आणि ती संपतात आधी.

आपल्याकडच्या गावच्या जत्रेत देवदर्शन मिनिटभराचे असते आणि जत्रा दिवसभराची, तसेच काहीसे इथले गणित आहे. कित्येकांकडे सामन्याचे तिकीटही नसते. फाटके उघडली की तिकीटवाले आत जातात, हे मागे राहून तंबूतल्या टीव्हीवर तोच सामना पाहतात. आतला जल्लोष भिंतीवरून आधी ऐकू येतो आणि चित्र काही क्षणांनी मागून येते. तरी ते पुढच्या वेळी पुन्हा येतात. कारण शेजारच्या जागेत गेली दहा वर्षे तेच कुटुंब गाडी लावते. त्यांची मुलगी मोठी होताना पाहिलेली असते, त्यांच्या आजोबांची रिकामी खुर्चीही पाहिलेली असते. विरुद्ध संघाची जर्सी घालून कुणी समोरून गेला तर त्याची रीतसर टर उडवायची आणि मग त्याच्या हातात ताटली द्यायची, हा अलिखित नियम बहुतेक ठिकाणी पाळला जातो. ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डभोवती तर साधी राहती घरे आहेत. घरमालक सामन्याच्या दिवशी अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावू देतात आणि थोडे पैसे घेतात. तीच गाडी, तेच अंगण, असे वर्षानुवर्षे चालते. गावातल्या माणसाचा आणि दोनशे मैलांवरून येणाऱ्या चाहत्याचा असा घरोबा करून द्यायला कुठल्याही जाहिरात कंपनीची गरज लागलेली नाही.

गोडवे गाताना एक गोष्ट झाकायला नको. सकाळी नऊपासून सुरू झालेल्या बिअरचे परिणाम संध्याकाळी दिसतात. मारामाऱ्या होतात, लोक प्यायलेल्या अवस्थेत गाड्या हाकतात, आणि मागे उरलेला कचरा उचलायला जी माणसे येतात त्यांना कुणी ताटली देत नाही. शिवाय हा आनंद स्वस्तही राहिलेला नाही; गाडी लावण्याचेच दर असे आहेत की चौघांच्या कुटुंबाने आधी हिशेब करावा. हे सगळे मान्य. तरीही ज्या समाजात माणूस घरातून गाडीत, गाडीतून कचेरीत आणि पुन्हा गाडीतून घरात जातो, तिथे वाहनतळासारख्या निर्जीव डांबरी पट्ट्यावर हजारो कुटुंबांनी एकमेकांना वाढून खावे, ही काही लहान गोष्ट नाही.

आणि ती आणखी मोठी वाटते ती चाहत्याच्या हातात दुसरे काहीच नसते म्हणून. संघ असतो मालकाचा. मालक तो उचलून दुसऱ्या गावी नेऊ शकतो, आणि नेतोही. मार्च १९८४ मध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ रातोरात सामानाच्या ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेला गेला. गावाला सकाळी कळले. १९९५ च्या हंगामात क्लीव्हलंडच्या मालकाने संघ बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा केली. ओकलंडचा रेडर्स संघ १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला गेला, १९९५ मध्ये परत आला आणि २०२० मध्ये लास व्हेगासला कायमचा निघून गेला, कारण तिथे स्टेडियमसाठी हॉटेल-करातून ७५ कोटी डॉलर मिळत होते. ओकलंडमधला शेवटचा सामना १५ डिसेंबर २०१९ रोजी झाला, रेडर्स हरले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहणाऱ्याला हे कोडे उलगडणे अवघड जाईल. तिथे चुरस किती टोकाला जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण संघ तालमीचा असतो, तालीम पेठेची असते, आणि पाटाकडील तालीम उद्या जास्त अनुदान मिळते म्हणून नागपूरला निघून जाणार नाही.

अमेरिकेत याला अपवाद एकच, तो म्हणजे ग्रीन बे पॅकर्स. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे १९२३ मध्ये समभाग काढून गावकऱ्यांना विकले गेले, पुढेही अधूनमधून विक्री होत राहिली, आणि आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. या समभागांवर लाभांश मिळत नाही आणि नफ्याने ते विकताही येत नाहीत. तरी लोक ते चौकट करून भिंतीवर लावतात. लीगच्या आजच्या नियमांनुसार दुसऱ्या कुठल्याही संघाला अशी मालकी घेता येत नाही. बाकी गावांत चाहत्याकडून तिकिटाचे पैसे घेतले जातातच, वर करही घेतला जातो. बफेलोच्या नव्या स्टेडियमला न्यूयॉर्क राज्य आणि ईरी कौंटी मिळून ८५ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा देण्याचे ठरले, आणि त्याच स्टेडियममध्ये हंगामी तिकीट विकत घेण्याचा नुसता हक्क मिळवायलाही चाहत्याने वेगळी रक्कम मोजायची. कॅन्सस सिटीच्या मतदारांनी मात्र एप्रिल २०२४ मध्ये स्टेडियमसाठीचा विक्रीकर मतपेटीतून फेटाळून लावला. अशा व्यवस्थेत वाहनतळावरची ती बारा फूट जागा आणि सकाळचे चार तास, एवढेच चाहत्याचे स्वतःचे राज्य उरते. त्यावरही नजर आहेच. नव्या स्टेडियमांभोवती मोकळे डांबर ठेवण्यापेक्षा हॉटेले, दुकाने आणि उपाहारगृहे बांधणे मालकांना फायद्याचे ठरते. पॅकर्ससारख्या गावाच्या संघानेही लॅम्बोशेजारी तसा परिसर उभा केलाच. ज्यांना कष्ट नकोत त्यांच्यासाठी तयार तंबू, तयार जेवण, हातात पट्टी बांधून हवी तेवढी दारू, अशी टेलगेटची पाकिटेही विकत मिळतात. जेवण चांगले असते. फक्त शेजारी कोण बसला आहे हे जाताना कुणाला माहीत नसते.

आता आठवड्याचे सहा दिवस. फॅन्टसी लीगचा जन्म हरणाऱ्या संघाच्या सावलीत झाला, हे मला फार सूचक वाटते. १९६२ साली ओकलंड रेडर्स चौदापैकी तेरा सामने हरले. त्या शरद ऋतूत संघ पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बिल विंकेनबाख हा संघाचा एक छोटा भागीदार, बिल टनेल हा संघाचा प्रसिद्धी अधिकारी आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’चा वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग यांनी बसून एका खेळाचे नियम लिहिले : प्रत्येकाने वेगवेगळ्या संघांतले खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा आणि त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष मैदानात केलेल्या कामगिरीवर गुण मोजायचे. पुढच्या ऑगस्टात विंकेनबाखच्या घराच्या तळघरात आठ संघांची पहिली निवड झाली. विंकेनबाख मालकांच्या बाजूचा होता हे खरे, पण यातून पैसा करावा असे त्याच्या डोक्यात नव्हते. त्याच्या डोक्यात होती ती शेवटच्या क्रमांकावर येणाऱ्याची फजिती. त्यासाठी त्याने लाकडाचे एक बावळट तोंडाचे मानचिन्ह बनवले, आणि ते हरणाऱ्याला पुढचे वर्षभर आपल्या घरात दर्शनी जागी ठेवावे लागे. त्या मंडळींपैकी अँडी मुसालिमासने पुढे आपल्या ‘किंग्ज एक्स’ या बारमध्ये हा खेळ गिऱ्हाइकांसाठी सुरू केला आणि तिथून तो पसरला. आकडेमोड अर्थातच हाताने, सोमवारच्या वर्तमानपत्रातून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती इंटरनेटवर गेली आणि कोट्यवधी लोक खेळू लागले.

आज दहा-बारा मित्रांची लीग असते. ऑगस्टच्या शेवटी ‘ड्राफ्ट’ होतो, म्हणजे प्रत्येकाने आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा; एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही, आणि प्रत्येक फेरीत क्रम उलटा होतो म्हणजे पहिल्याला सारखा पहिला मान मिळत नाही. मग दर आठवड्याला एकाशी लढत. धावून किंवा झेल घेऊन कमावलेल्या दर दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला (म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेण्याला) सहा, असे साधारण कोष्टक. मंगळवारी कुणाचा घोटा मुरगळला याची चौकशी, बुधवारी कुणी न घेतलेल्या खेळाडूंसाठी धावपळ, शनिवारी रात्री कुणाला बसवायचे याचा घोळ. दोन मित्रांनी संगनमताने खेळाडूंची अदलाबदल केली म्हणून तिसऱ्याने महिनाभर अबोला धरणे, हेही त्यात आले. रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली ‘बोलिंग अलोन’ या पुस्तकात दाखवले होते की अमेरिकेत बोलिंग खेळणारे वाढले तरी संघ करून, लीग करून खेळणारे घटत चालले. एकूणच माणसांनी मंडळे, संघटना, क्लब सोडून दिले. त्याच काळात फॅन्टसी लीग वाढत गेली, हा मला योगायोग वाटत नाही. कॉलेज संपले, एकजण ह्यूस्टनला गेला, एक बोस्टनला, एकाचे लग्न मोडले, एकाला तिसरे मूल झाले. ‘कसा आहेस’ असे विचारायला पुरुषांना निमित्त लागते, आणि ‘तुझा क्वार्टरबॅक यंदा गेला कामातून’ हे निमित्त सतरा आठवडे पुरते. पुण्यात बसून अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या पोरांनाही हे निमित्त मिळू लागले आहे. सोमवारच्या बैठकीतली पहिली पाच मिनिटे कशाविषयी आहेत हे त्यांना निदान कळते.

शेवटच्या क्रमांकाच्या शिक्षेची परंपरा जोमात आहे. २०२१ मध्ये मिसिसिपीतल्या एका पत्रकाराला वॅफल हाऊस या उपाहारगृहात चोवीस तास बसून राहण्याची शिक्षा झाली, खाल्लेल्या प्रत्येक वॅफलमागे एक तास माफ. तो पंधरा तास बसला आणि नऊ वॅफल खाल्ले. देशभराने हे त्याच्याबरोबर जागून पाहिले. अनोळखी माणसाकडून हरल्यावर अशी शिक्षा कुणी भोगत नाही.

जुन्या वळणाच्या चाहत्याचा फॅन्टसीवरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. ग्रीन बेच्या माणसाने हाडवैरी शिकागो बेअर्सच्या धावपटूला गुण मिळावेत म्हणून देव पाण्यात घालावेत, ही त्याला बाटाबाट वाटते. त्याहून मोठा आक्षेप खेळाडूंचा आहे. सिअ‍ॅटलचा बचावपटू रिचर्ड शर्मनने २०१७ मध्ये उघड म्हटले की फॅन्टसीमुळे लोक आम्हाला माणूस समजेनासे झाले आहेत. एखाद्याचा पाय मोडला तर त्यांना आपल्या गुणांची चिंता पडते. ज्या खेळात डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांनी खेळाडूंचे मेंदू कायमचे बिघडतात हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे, त्या खेळाबाबत ही तक्रार हलकी नाही.

कागदावरचा खेळ आणि मैदानावरचा खेळ यांची टक्कर कशी होते याचे एक उदाहरण सगळ्या जुन्या खेळाडूंच्या तोंडी आहे. १६ डिसेंबर २००७. फिलाडेल्फिया ईगल्स डॅलसमध्ये १०-६ ने पुढे होते आणि अगदी शेवटची मिनिटे उरली होती. फिलाडेल्फियाचा ब्रायन वेस्टब्रूक चेंडू घेऊन मोकळा सुटला, समोर कुणी नव्हते, आणि रेषा एक यार्डावर असताना तो जाणूनबुजून खाली बसला. टचडाउन केले असते तर डॅलसला पुन्हा चेंडू मिळाला असता. खाली बसल्यामुळे चेंडू आपल्याकडे राहिला, घड्याळ संपले आणि सामना जिंकला. तो आठवडा फॅन्टसी लीगच्या बाद फेरीचा होता. वेस्टब्रूक ज्यांच्या कागदी संघात होता त्यांचे सहा गुण त्या एका यार्डात गेले आणि कित्येकांचा हंगाम तिथेच संपला. मला या प्रसंगात आवडते ते हे, की शिव्या देणाऱ्या प्रत्येकाला कळत होते की त्याने केले ते बरोबर होते. फॅन्टसी खेळणारा माणूस खेळ विसरलेला असतो असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे : एका यार्डावर थांबण्यामागची अक्कल ओळखायला खेळ चांगलाच समजावा लागतो.

दुसरा प्रसंग अधिक कठीण. २ जानेवारी २०२३ च्या सोमवारी रात्री सिनसिनाटीत बफेलो बिल्सचा डमार हॅमलिन एका टक्करीनंतर उभा राहिला आणि कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच ते पुन्हा सुरू करण्यात आले, तो वाचला, आणि सामना सोडून देण्यात आला. तो सतरावा आठवडा होता. देशातल्या बहुसंख्य फॅन्टसी लीगची अंतिम लढत नेमकी त्याच आठवड्यात होती, आणि मैदानात जॉश अ‍ॅलन, स्टेफॉन डिग्ज, जो बरो, जमार चेस असे कागदी संघांचे मुकुटमणी होते. काही निर्लज्जांनी त्या रात्रीही गुणांचे काय, असे विचारले. पण घरगुती लीगमध्ये बहुधा वेगळे घडले. कुणी विजेतेपद वाटून घेतले, कुणी बक्षिसाची रक्कम हॅमलिनच्या निधीला पाठवली. मुलांना खेळणी वाटण्यासाठी त्याने पूर्वी एक छोटा निधी उघडला होता, उद्दिष्ट होते अडीच हजार डॉलरचे. काही दिवसांत त्यात ऐंशी लाख डॉलरांवर जमले. बफेलोच्या लोकांना ही सवय आधीपासूनच होती. २०१७ च्या शेवटच्या दिवशी सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने केलेल्या एका फेकीमुळे बफेलोचा संघ सतरा वर्षांनी बाद फेरीत पोहोचला, तेव्हा टेबले मोडणाऱ्या याच मंडळींनी डाल्टनच्या धर्मादाय संस्थेला सतरा-सतरा डॉलरच्या देणग्या पाठवून पाऊस पाडला होता.

हॅमलिन कोसळला त्या रात्री लीगमधले बाराजण काय करायचे ते ठरवू शकले, कारण ते एकमेकांना ओळखत होते. माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. २००६ च्या अमेरिकन कायद्याने इंटरनेटवरच्या जुगाराचे पैसे अडवले, पण फॅन्टसी खेळांना सूट दिली. मित्रामित्रांत हंगामभर चालणारा निरुपद्रवी खेळ, अशी त्यामागे समजूत. त्या फटीतून फॅनड्युएल २००९ मध्ये आणि ड्राफ्टकिंग्ज २०१२ मध्ये आत शिरले. यांचा हंगाम एका दिवसाचा. ड्राफ्ट नाही, तळघर नाही, शिक्षा नाही. समोर हजारो अनोळखी माणसे आणि मधे पैसे. २०१५ मध्ये त्यांच्या जाहिरातींनी टीव्ही भरून गेला आणि त्याच वर्षी एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने दुसरीच्या स्पर्धेत साडेतीन लाख डॉलर जिंकल्याचे प्रकरण गाजले. त्या वर्षीच्या बेसबॉल हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात अशा खेळांतल्या नफ्याचा ९१ टक्के भाग अवघ्या १.३ टक्के खेळाडूंनी नेला, असे मॅकिन्झीच्या विश्लेषणात निघाले. बाकीचे त्यांचे खाद्य होते. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सट्ट्यावरचा संघराज्याचा कायदा रद्द ठरवला, तेव्हा याच कंपन्या उघडपणे सट्टा घेऊ लागल्या. आज तीसहून अधिक राज्यांत तो कायदेशीर आहे, आणि जी एनएफएल एके काळी सट्ट्याच्या नुसत्या सावलीला घाबरायची तीच आता त्यांची भागीदार आहे. रूप सगळे फॅन्टसीचे राहिले, फक्त कोण हरले हे विचारणारा कुणी उरला नाही.

आपल्याकडे याच्या उलट क्रमाने गोष्टी घडल्या. अमेरिकेत आधी तळघर आले आणि चाळीस-पन्नास वर्षांनी पैशाचे अ‍ॅप. मुंबईत २००८ मध्ये स्थापन झालेल्या ड्रीम११ मुळे मराठी घराला ‘फॅन्टसी’ हा प्रकार भेटला तोच मुळी अ‍ॅप म्हणून, क्रिकेटपटूंच्या जाहिरातींतून, लाखो अनोळखी स्पर्धकांसह. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कौशल्याचा खेळ मानला, २०२० मध्ये कंपनी आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली, २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर तिचे नाव होते, आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळताच सगळे काही दिवसांत आटोपले. कौशल्य की नशीब, हा वाद न्यायालयांनी खूप घातला. माझ्या मते तो दुय्यम आहे. जुगाराचे नुकसान कौशल्याच्या खेळातही होते, फक्त ते कमी कुशल माणसाचे होते. विचारायचा प्रश्न एवढाच की हरलेला माणूस जिंकणाऱ्याला उद्या भेटणार आहे का. भेटणार असेल तर रक्कम आपोआप आवाक्यात राहते, कारण मित्राचे घर बुडवून कुणाला त्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला जाववत नाही. बंदीच्या धुरळ्यात आपण पैशाबरोबर हा खेळच वाईट ठरवून मोकळे होऊ, ही भीती मला वाटते. बिनपैशाच्या खेळावर त्या कायद्याची बंदी नाही.

म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनला, कॅलिफोर्नियातल्या बे एरियात किंवा पुण्याच्या हिंजवडीत बसलेल्या ज्या कुणाला ऑगस्टमध्ये कचेरीतून लीगचे आमंत्रण येईल, त्याने ते घ्यावे. नियम न कळण्याची लाज बाळगू नये, पहिल्या वर्षी कुणालाच कळत नाहीत. बाराही जण नावाने आणि चेहऱ्याने माहीत असतील अशीच लीग निवडावी, ड्राफ्टला शक्यतो एका खोलीत बसावे, आणि वर्षातून एका रविवारी स्टेडियमच्या वाहनतळावर जाऊन कणसे भाजावीत, तिकीट असो वा नसो. परतताना गाडी चालवणाऱ्याने फक्त सरबत प्यावे. पैसे लावूच नयेत. हरणाऱ्याची शिक्षा मात्र ड्राफ्टच्या आधी लेखी ठरवून ठेवावी, डिसेंबरात तिच्यावर कधीच एकमत होत नाही.